आधी दारू सोडा, मग बघू

उदास वाटतं, झोप नाही, मरावंसं वाटतं असं सांगत दारू पिणारा माणूस मानसोपचाराच्या ओपीडीत गेला, की पुष्कळदा त्याला ऐकायला मिळतं, ‘आधी दारू सोडा, मग बघू.’ तोच माणूस चार दिवसांनी एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि कानात आवाज येतात म्हणाला, तर तिथे सांगतात, ‘आधी सायकियाट्रिस्टकडून गोळ्या सुरू करून या, मग दाखल करून घेऊ.’ सांगणारे दोघेही बेपर्वा नसतात. प्रत्येकाला अर्धं काम शिकवलेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्याची धास्ती असते. पेशंट मात्र या टोलवाटोलवीत दोन्हीकडच्या केसपेपरांची पिशवी घेऊन घरी येतो. घरात बाटली असते. घर निफाड-दिंडोरीकडचं असेल, तर पडवीत द्राक्षाच्या फवारणीचं औषधही असतं.

नाशिकमध्ये नशेवर बोललं जात नाही असं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा, म्हणजे ‘एमडी’ नावाने विकल्या जाणाऱ्या नशेच्या पावडरीचा कारखाना उघडकीस आणला आणि शहर हादरलं. मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, पोलीस काय करत होते हा प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. पण एमडी घेऊन चार रात्री न झोपलेल्या, शेजारी पाळत ठेवतात म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवणाऱ्या मुलाला आईवडिलांनी नेमकं कुठे न्यायचं आणि तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाला काय काय यायला हवं, हे त्या गदारोळात फारसं कोणी विचारलं नाही. कारखाना बंद करणं हे पोलिसांचं काम. त्या मुलाशी बोलणं हे ज्याचं काम, त्याला ते येतं का?

माझं म्हणणं असं आहे की व्यसन आणि मानसिक आजार एकाच माणसात असतील तर ते दोन्ही एकत्र हाताळण्याचं कौशल्य हा मोठ्या शहरातल्या मोठ्या तज्ज्ञांचा प्रांत मानणं आपण सोडून द्यावं. ओपीडीतला मानसोपचारतज्ज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, गावात दवाखाना थाटलेला बीएएमएस, केंद्रातला काउन्सेलर, या प्रत्येकाची ती किमान पात्रता असावी. आणि आपल्याकडे किमान पात्रता म्हणजे जे परीक्षेत विचारलं जातं ते. बाकी सगळं शिबिरापुरतं आणि फोटोपुरतं.

हे पेशंट अपवादाने येतात अशी एक समजूत आहे. अमेरिकेत 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या लोकसंख्या-पाहणीत दारूचा विकार असलेल्यांपैकी 37 टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी दुसराही मानसिक आजार झालेला आढळला, आणि स्किझोफ्रेनिया (भास आणि संशयांचा गंभीर आजार) असलेल्यांपैकी 47 टक्क्यांना कसल्या तरी नशेचा विकार. आकडे तिकडचे आहेत, इकडे ते तसेच्या तसे लागू होतील असा दावा मी करत नाही. पण म्हणजे सिडको, सातपूर, पंचवटीतली माणसं एका वेळी एकच आजार होऊ देतात असंही समजायचं कारण नाही. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांतल्या एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. म्हणजे दारापर्यंत पोचणारा माणूस आधीच 38 जणांतला एक आहे. त्यालाही दुसऱ्या दाराचा पत्ता देऊन परत पाठवायचं?

‘आधी दारू सोडा’ या वाक्यामागे एक खरं कारण आहे, ते बाजूला सारून चालणार नाही. दारू स्वतःच उदासी आणते. रोज पिणाऱ्या माणसाचं रडणं, झोप उडणं, कशात मन न लागणं यातलं बरंचसं दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरतं. म्हणून पिणाऱ्या पेशंटला पहिल्याच भेटीत डिप्रेशनचा शिक्का मारून वर्षभराच्या गोळ्या लिहिणं हेही चूकच. निदानासाठी थांबावं लागतं, मान्य. पण ते चार आठवडे पेशंटला समोर बसवून, दर आठवड्याला बोलावून, घरच्यांना फोन करून थांबता येतं. नाही तर दार लावूनही थांबता येतं. दुसऱ्या प्रकाराला निदान म्हणत नाहीत. शिवाय ज्याच्या मनात मरणाचा विचार आहे, त्याच्यासाठी चार आठवड्यांचा हिशेब लागूच होत नाही. दारूने उदासी आली की उदासीने दारू, हा प्रश्न त्या रात्री गैरलागू असतो. दारूच्या अमलात माणूस उतावळा होतो आणि फवारणीचं औषध हाताशी असतं, एवढंच त्या रात्री महत्त्वाचं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे थेट विचारता येणं, आणि उत्तर ‘हो’ आलं तर ‘वहिनी, घरातलं औषध आजच्या आज कुलूपबंद करून किल्ली भावाकडे द्या’ हे सांगता येणं, याला मानसोपचारातली एमडीची पदवी लागत नाही. विचारल्याने विचार डोक्यात घालतो आपण, ही भीती निराधार आहे. तरीही शिकलेसवरलेले डॉक्टर तो प्रश्न टाळतात.

मग दारूने आणलेलं काय आणि मुळातलं काय, हे ओळखायचं कसं? इथे कौशल्याचा खरा कस आहे आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. लागतो तो वेळेचा पट मांडण्याचा सराव. काय आधी सुरू झालं? मधे कधी सलग महिनाभर नशा नव्हती असा काळ गेला का, आणि तेव्हा झोप, मूड, संशय, आवाज यांचं काय झालं? घराण्यात कोणाला असं होतं का? पेशंटला तारखा आठवत नाहीत. ‘डिप्रेशन कोणत्या वर्षी सुरू झालं’ असं विचारणाऱ्याला कोरा चेहरा दिसतो. पण नाशिकच्या माणसाला 2015 चा कुंभमेळा आठवतो, गारपिटीने बाग झोडपली ते वर्ष आठवतं, बहिणीचं लग्न आठवतं. त्या खुणांना धरून विचारलं की उत्तरं येतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सुरुवातीचे कितीतरी दिवस दारूची दुकानं बंद होती. मुलाखत घेणाऱ्यासाठी हे आयतं घबाड आहे. ‘दादा, तेव्हा मिळतच नव्हती, त्या दिवसांत तुम्ही कसे होता?’ कोणी म्हणतो, पहिले तीन-चार दिवस हात थरथरले, घाम फुटला, एक फिट आली, पण महिन्याने इतकं बरं वाटलं की वाटलं आता सुटलीच. कोणी म्हणतो, दारू नव्हती तरी रात्रभर कोणीतरी नाव घेऊन बोलवत होतं. या दोन माणसांचे आजार वेगळे आहेत, उपचार वेगळे असणार आहेत, आणि फरक कळायला एक प्रश्न पुरला.

हा प्रश्न पेशंटला विचारायचा, तसा सोबतच्या माणसालाही विचारायचा, पण वेगळं बसवून. नवरा समोर असताना बायको किती मार खाते ते सांगत नाही. आई मुलाचा गांजा झाकते. आणि पिणारा नेहमी पुरुषच असतो हे गृहीत धरू नये. झोपेच्या गोळ्यांशिवाय न झोपणाऱ्या, मिश्रीचा डबा उशाशी ठेवणाऱ्या, कधी कधी चोरून पिणाऱ्या बायका कुठल्याच ओपीडीत ‘व्यसन’ या रकान्यात येत नाहीत, कारण त्यांना तो प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता ज्यात माणूस जिवानिशी जातो तो प्रसंग. रोज पिणारा माणूस कशामुळे तरी दाखल होतो किंवा घरात अडकून पडतो. पाय मोडला, कावीळ झाली, सासऱ्याच्या दशक्रियेला घरच्यांनी नजरकैदेत ठेवलं, काहीही. दारू बंद होते. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणूस बरळायला लागतो, अंथरुणावरचे नसलेले किडे वेचतो, भिंतीवर माणसं दिसतात, घामाने निथळतो, घरातल्यांना ओळखत नाही. सुरगाणा-पेठकडे याला बाधा म्हणून भगताकडे नेतात, शहरात ‘वेड लागलं’ म्हणून थेट मानसिक रुग्णालयाची चिठ्ठी मागतात. ही डिलिरियम ट्रेमेन्स आहे, मेडिकल इमर्जन्सी आहे, उपचाराविना जीव घेते. तिला लोराझेपामसारखं शांत करणारं औषध लागतं, पाणी आणि क्षार सांभाळावे लागतात आणि थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व इंजेक्शनने द्यावं लागतं, तेही ग्लुकोजच्या आधी. आपल्याकडे थकलेल्या माणसाला ‘एक सलाइन लावा’ हा सर्वधर्मसमभावी उपचार आहे. थायमिन नसलेल्या दारुड्याला नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, तर त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते आणि पुढे स्मरणशक्ती जाते ती परत येत नाही. एका स्वस्त इंजेक्शनचा क्रम चुकल्यामुळे.

याच्या उलटी चूकही तितकीच होते. पेशंट पितो हे कळलं की त्याचे सगळे भास दारूच्या खात्यावर टाकले जातात. वेळ, जागा, माणसं सगळं नीट ओळखतो, घाम नाही, कापरं नाही, दारू बंद होऊन दीड महिना झाला, तरी शेजारचे आपल्याबद्दल बोलतात असं ऐकू येतं, त्याला अजून ‘दारूचा परिणाम’ म्हणत राहायचं? एमडी किंवा गांजाचंही तसंच. एमडीने आलेला संशय पुष्कळदा नशा थांबल्यावर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत विरतो. महिना उलटूनही विरला नाही, तर मुळातल्या आजाराचा विचार करायला हवा. गांजा ‘नैसर्गिक’ म्हणून त्याला सूट देणारे आपल्याकडे कमी नाहीत, साधूंच्या चिलमीचा हवाला तर कायमचा तयार. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या 45 हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं पाठपुरावा करणारा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. भरतीच्या वेळेपर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना काही होत नाही, हेही त्यातच आहे. काउन्सेलरला ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगता आली पाहिजेत. नुसतं पहिलं सांगितलं तर मुलगा हसतो, कारण त्याचे सगळे मित्र ठणठणीत आहेत.

औषधांबद्दल थोडं खोलात जातो, कारण दोन दारांच्या मधली सगळ्यात धोकादायक फट तिथे आहे. ‘त्याच्या नकळत जेवणात घालायची गोळी’ अनेक घरांना ठाऊक आहे. ती बहुतेक वेळा डायसल्फिरॅम असते. वर दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. पेशंटच्या संमतीने, सगळं सांगून दिली तर उपयोगी गोळी, न सांगता दिली तर विषप्रयोग. त्यात माणसाला आधीपासून सायकोसिस, म्हणजे भास-संशयांचा आजार असेल तर ती गोळी भास वाढवू शकते, आणि ज्याला आधीच ‘घरचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ असा संशय आहे, त्याचा संशय आपण स्वतःच्या हाताने खरा करून देतो. एवढं व्यसनमुक्तीच्या बाजूला माहीत नसेल तर ते घातक आहे.

मानसोपचाराच्या बाजूचं अज्ञान वेगळं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण विडी-सिगारेटच्या धुराने कमी होतं, कारण धुरातली रसायनं यकृताला ती औषधं भराभर मोडायला लावतात. दिवसाला दोन बंडल विडी ओढणारा पेशंट धूम्रपानबंदी असलेल्या वॉर्डात किंवा केंद्रात दाखल झाला की आठवड्याभरात तोच डोस त्याला जास्त होतो. तो दिवसभर गुंगीत पडतो, लाळ गळते, आणि लोक म्हणतात आजार वाढला. मळून खायच्या तंबाखूने हा परिणाम होत नाही. म्हणून ‘तंबाखू घेतो का’ हा प्रश्न अपुरा आहे, ओढतो की खातो हे विचारावं लागतं. तसंच लिथियमचं, जे बायपोलर आजारात (कधी अतिउत्साह म्हणजे मॅनिया, कधी उदासी) देतात. बायपोलर आजाराचा पेशंट पिऊन दोन दिवस उलट्या करत पडला आणि शरीरातलं पाणी कमी झालं, की तेच लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं.

आणि मालेगाव. तिथे ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी वस्तू मुळात अल्प्राझोलाम आहे. म्हणजे चिंता आणि झोपेसाठी डॉक्टरच लिहून देतात ती. दारू सोडणाऱ्याला झोप लागत नाही म्हणून ही गोळी महिनोन् महिने चालू ठेवली, की एका खुंट्यावरून काढून दुसऱ्या खुंट्याला बांधल्यासारखं होतं. पुढे पेशंट ती अचानक बंद करतो, फिट येते, आणि फिटचं मूळ शोधायला मेंदूचा स्कॅन काढला जातो.

बोलण्याच्या कौशल्यावर मी थोडक्यात थांबतो, ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे. दम देणं, मुलांची शपथ घालायला लावणं, ‘लाज वाटत नाही का’ म्हणणं, याने दारू सुटत असती तर महाराष्ट्रात कोणी पीत राहिला नसता. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये मांडलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत माणसाच्या मनातली घालमेल त्याच्याच तोंडून बाहेर काढते. वाद घालत नाही, सोडायची कारणं पेशंटला स्वतःला सांगू देते. ‘किती पिता?’ या प्रश्नाला ‘कधीतरी, साहेब’ हेच उत्तर येतं. ‘रात्री झोप लागावी म्हणून घ्यावी लागते का?’ असं विचारलं तर तोच माणूस खुर्चीत पुढे सरकतो. पण मानसिक आजार सोबत असेल, तर या पद्धतीलाही मुरड घालावी लागते. विचार विस्कळीत झालेल्या पेशंटशी पाऊण तास बोलू नये, दहा-दहा मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. मॅनियाच्या भरात असलेल्याच्या उत्साहाला निर्धार समजू नये. आणि स्लिप झाली, म्हणजे मधेच पुन्हा प्यायला, म्हणून केंद्रातून काढून टाकणं तर मला कधीच कळलेलं नाही. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून त्याला दवाखान्यातून कोणी हाकलत नाही.

इथे एक पथ्य दोन्ही बाजूंनी पाळायला हवं. त्र्यंबकच्या पौषवारीला जाऊन गळ्यात माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं आपल्या आसपास आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगांनी उभी राहिलेली माणसंही आहेत. त्या बळाकडे डॉक्टरांनी नाक मुरडू नये. पण काही सुधारलेले मद्यपी नव्याने आलेल्याला ‘गोळ्या म्हणजे पण नशाच, त्या पण सोड’ असं सांगतात. तो नवा माणूस लिथियम सोडतो आणि महिना-दोन महिन्यांत मॅनियात जातो. खुद्द एएच्या साहित्यात कोणाही सदस्याने डॉक्टरकी करू नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे. केंद्रातल्या काउन्सेलरला, जो बहुतेक वेळा स्वतः त्यातून बाहेर आलेला असतो, हे पहिल्या दिवशी शिकवलं पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की माणसंच नाहीत. खरं आहे. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. नाशिक जिल्हा पंधरा तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेत 61 लाखांचा. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, त्यातलं एकही इथे नाही. सुरगाण्याहून ठाण्याला पेशंट नेणं म्हणजे गाडीभाडं, दोघांची मजुरी आणि वाटेत तो पळून जाण्याची भीती. पण हाच आक्षेप मला माझ्या बाजूचा वाटतो. माणसं कमी आहेत, तर प्रत्येकाला अर्धंच काम शिकवणं परवडत नाही. गोव्यात संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करून घेतलं. तो प्रयोग 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्क्यांचं पिणं आटोक्यात आलेलं होतं, नेहमीच्या उपचारात 26 टक्क्यांचं. आपल्याच राज्यात अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने डिप्रेशन आणि दारू दोन्ही एका कार्यक्रमात घेतले. डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेलं. गावातली माणसं शिकू शकली. मग एमबीबीएस झालेला का शिकू शकणार नाही?

दुसरा आक्षेप अभ्यासूंचा आहे आणि तो जास्त टोकदार आहे. एकत्रित उपचाराचा एवढा गाजावाजा, पण तीव्र मानसिक आजार आणि नशा एकत्र असलेल्यांवरच्या समुपदेशनाच्या पद्धतींचा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये जो आढावा घेतला, त्यात कुठलीही एक पद्धत नेहमीच्या उपचारापेक्षा ठळकपणे सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून मी कुठलंही नाव दिलेलं पॅकेज आयात करा असं म्हणत नाही. पण त्या अभ्यासांत तुलनेला घेतलेल्या पेशंटलाही कुठला ना कुठला उपचार मिळत होता. दारावरून परत पाठवलेला माणूस त्या तुलनेत नाहीच. थायमिन आधी द्या, ओढतो की खातो ते विचारा, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, या गोष्टी पद्धतींच्या शर्यतीतल्या नाहीत.

कायदा या बाबतीत पुढे आहे, ही दुर्मिळ गोष्ट. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे घेतल्या आहेत. त्याच कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला बंदी केली आहे, आणि ती बंदी ‘सेंटर’ नावाच्या पत्र्याच्या शेडलाही लागू आहे. कायद्याने एक केलेलं व्यवस्थेने मात्र दोन ठेवलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खात्याचा, अनुदानित व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय खात्याची. हेल्पलाइनही दोन: नशेसाठी 14446, मनासाठी 14416. फोन करणाऱ्याने आपला आजार आधी वर्गीकरण करून मग डायल करायचा. विम्यात तर विनोदच आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या असं कायदा सांगतो, आणि विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार वगळलेले आहेत. परिणाम काय होणार? डॉक्टरला पेशंटची दया येते आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘डिप्रेशन’ लिहिण्याचा मोह होतो. पुढच्या डॉक्टरच्या हातात तेच कार्ड पडतं, दारूचा उल्लेख नाही, म्हणून तो झोपेची गोळी लिहितो.

खाती एक होतील, विम्याचे नियम बदलतील, याची वाट बघत बसावं लागू नये असं एक काम नाशिकमध्येच होण्यासारखं आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून इथे आहे, म्हसरूळला. राज्यातल्या एमबीबीएसपासून बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंगपर्यंतच्या परीक्षा तिथून होतात. एमबीबीएसला मानसोपचारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा नाही, त्यातले प्रश्न मेडिसिनच्या पेपरात येतात. त्यामुळे मुलं तो विषय कसा वाचतात हे कुठल्याही इंटर्नला विचारा. अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, कबूल. पण त्या चौकटीत प्रश्न कोणता काढायचा, प्रॅक्टिकलला कोणता पेशंट ठेवायचा, हे इथल्या हातात आहे. प्रॅक्टिकलच्या एका स्टेशनला, म्हणजे टेबलाला, रोज पिणारा, तीन दिवसांपूर्वी दारू बंद झालेला, भिंतीवर माणसं दिसणारा पेशंट ठेवा. विद्यार्थी आधी काय देतो, काय विचारतो, कोणाला बाहेर बसवून बोलतो ते बघा. नर्सिंगच्या परीक्षेत विडीवाला क्लोझापिनचा पेशंट ठेवा. बीएएमएसच्या मुलामुलींना तर हे सगळ्यात आधी यायला हवं, कारण कळवण-सटाण्याच्या गावात रात्री दहाला दार वाजतं ते त्यांचंच. ज्यांची परीक्षा होऊन गेली, त्या एमबीबीएस डॉक्टरांना नोंदणी चालू ठेवण्यासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे तीस क्रेडिट तास भरावे लागतात. त्यातले दोन तास या विषयाला बांधून टाकले, तर फाइव्ह-स्टार हॉटेलातल्या कॉलेस्टेरॉलवरच्या भाषणांचं फार नुकसान होणार नाही.

जिल्ह्याने स्वतःसाठी एक नियमही करावा. सरकारी ओपीडी असो की अनुदानित केंद्र, दुसऱ्या आजाराचं कारण देऊन पेशंटला परत पाठवायचं असेल तर ते कारण केसपेपरवर लिहावं, खाली सही करावी, आणि पुढच्या ठिकाणी स्वतः फोन करून वेळ ठरवून द्यावी. तोंडी ‘आधी दारू सोडा’ चालणार नाही. सही करायची वेळ आली की किती जण परत पाठवले जातात, ते सहा महिन्यांत मोजता येईल.